रुपयाएवढी फट

पहिले तीन महिने लाकूड नाहीच.
फक्त निसणा, पाणी आणि पटाशी.
सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
घासत बसायचे मी
अंगठा पांढरा पडेपर्यंत.

लोटन मिस्त्री धार बघायचे
स्वतःच्या मनगटावर.
चार केस निघाले तर "हं."
नाही निघाले तर तेही नाही,
पटाशी परत माझ्या पुढ्यात.
त्या एका "हं"साठी
सुरगाण्याहून एसटीने आले होते मी,
मांडीवर पिशवी घेऊन, पूर्ण घाटभर उभी झोपमोड.

क्लार्कने दोनदा विचारलं होतं,
"शिवणकाम ना?"
"सुतारकाम."
मग त्याने खोडरबर शोधलं.

शेडमधल्या पोरांची पैज लागली होती,
ही दिवाळी काही बघत नाही.
एकटा खलील उलट बोलला
आणि जिंकलेल्या पैशाची मिसळ
त्याने मलाच खाऊ घातली.

मला झाडं माहीत होती.
ऐन कुठल्या उतारावर वाढतो,
सागाचं कोवळं पान चुरगळलं
की बोटं कशी लाल होतात.
मिस्त्रींना हे नवीन.
फळीवर नख वाजवत म्हणाले,
"तुझी याची ओळख तो उभा असतानाची,
माझी तो आडवा पडल्यावरची.
चल, दोघं मिळून एक सुतार होतो."

रेषा बघून रंधा मार, नाहीतर फळी चिडते.
दोनदा माप, एकदा काप.
हे सगळेच सांगतात.
माझं पहिलं स्टूल डुगडुगलं
तेव्हा मात्र मिस्त्री काही बोलले नाहीत.
रोज त्यावरच बसून चहा प्यायले.
टुक. घोट. टुक.
"ऐकू येतंय?"
एवढंच.

चैत्रात पंचवटीत दार बसवलं.
मी मारे घट्ट बसवलं,
चौकटीत केस जायचा नाही असं.
मिस्त्रींनी खिशातून रुपया काढला,
फटीला लावला. जाईना.
"उतरव."
मग माझा चेहरा बघून,
"आज ऊन आहे, बाई.
आषाढात हे पाणी पिऊन फुगेल,
तेव्हा त्याने जायचं कुठं?
एक रुपया सोड."

रंधा हातात घेतला
आणि मला आश्रमशाळेचं दार आठवलं.
पावसाळाभर ते लागायचंच नाही.
रात्री आम्ही त्याला आठ पत्र्याच्या पेट्या लावायचो,
आणि सगळ्यांत मोठी मुलगी
पेट्यांशी झोपायची.
दोन वर्षं ती मी होते.
कधी कुणी आलं नाही.
पण झोप काय असते
ते मला नाशिकला येऊन कळलं.

कागद मिळाला. शिक्का तिरका, नाव बरोबर :
गावित यमुना काशिनाथ.
मिस्त्रींनी हिशेब चुकता केला,
एक पैसा जास्तीचा नाही,
आणि ते स्टूल दिलं. "आता कर दुरुस्त."
अजून केलेलं नाही.

अंबडला माझा गाळा आहे.
हाताखाली दोन पोरं, एक पोरगी.
पोट भरतं ते गंगापूर रोडच्या
किचनच्या ट्रॉल्यांवर,
बँकेचा हप्ता निघतो, कंबर दुखते,
आणि पोरीच्या पटाशीची धार
मी मनगटावर बघते.
"हं" अजून माझ्या तोंडून सहज निघत नाही.

मागच्या मे महिन्यात काम मिळालं,
सुरगाणा, मुलींचं वसतिगृह, चौदा दारं.
टेंडरच्या कागदात
फटीसाठी रकाना नव्हता.
चौदा वेळा खिशातून रुपया काढला.

श्रावणात मुद्दाम गेले.
रात्र, धो धो पाऊस, व्हरांड्यात चिखल.
एक दार हलकेच ढकलून पाहिलं.
हललं नाही. आतून कडी होती.
"कोण आहे?" बारीक आवाज.
"सुतार," मी म्हटलं.

कडी काही निघाली नाही.

बरं वाटलं.